गडावरचं पाणी आणि अर्धा तास

ट्रेकची यादी काढताना आपण तांदूळ, डाळ, कांदे, टॉर्च, दोर सगळं लिहितो. पाण्यापुढे मात्र एकच ओळ असते : 'वर टाकी आहेत.' मागच्या ऑक्टोबरात आमच्या यादीतही हीच ओळ होती. खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वाटेने आम्ही चौदा जण हरिश्चंद्रगडावर गेलो, मुक्काम केला, कोकणकडा पाहिला आणि रविवारी रात्री होस्टेलवर परतलो. मंगळवार उजाडेपर्यंत पाच जणांची पोटं बिघडली होती. एकाला सलाईन लावावं लागलं आणि त्याचं सबमिशन बुडालं. पाण्याचं खातं माझ्याकडे होतं. क्लोरीनचे थेंब मी नेले होते, टाकलेही होते. मग चुकलं कुठे? ते शोधताना जो अभ्यास झाला, तो इथे मांडतोय.

कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी गार आणि नितळ असतं, म्हणून ते शुद्ध वाटतं. पण शनिवार-रविवारी गडावर शेकडो माणसं मुक्कामाला असतात आणि त्यांची सकाळ कुठे उरकते, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात कुणी टाक्याच्या काठावरच ताटं घासतं, कुणी पाय बुडवून बसतं. पाण्यात उतरण्याने काय होतं याचा धडा आपल्या देशाने नारूच्या रोगात घेतलेला आहे. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव त्या गिळायचा आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून आणि पाणी फडक्याने गाळायला लावून हा रोग हटवला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

तेव्हा आजीचं गाळण्याचं फडकं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. रीटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी चार-आठ पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळायला लावलं. कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं (हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला). कॉलऱ्याचा जंतू स्वतः साडीतून सहज निसटतो, पण तो ज्या जलजीवांना चिकटून असतो ते अडकतात. उरलेला निम्मा धोका मात्र फडकं थांबवू शकत नाही. काविळीचे विषाणू तर बाजारातल्या चांगल्या पोकळ तंतूंच्या फिल्टरमधूनही पार होतात. शिवाय 'अ' प्रकारची कावीळ उगवते साधारण महिन्याभराने. तोवर ट्रेक कुणाच्या लक्षातही नसतो आणि बोलणी मेसला बसतात!

मग उकळावं का? उकळण्यासारखा खात्रीचा उपाय दुसरा नाही. गड सुमारे १४२० मीटर उंच, म्हणजे पाणी तिथे ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. पण खळखळून एक मिनिट उकळलं तरी पुरतं. अडचण गणिताची आहे. चौदा जण, माणशी चार लिटर, म्हणजे दिवसाला ५६ लिटर. २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे १६.४ मेगाज्यूल उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के आणि लाकडाची उष्णता किलोला १५ मेगाज्यूल धरली, तर नुसत्या पिण्याच्या पाण्याला ११ किलो लाकूड! आणि गड आहे अभयारण्यात. म्हणून उकळणं चहा-भातापुरतं, बाकी क्लोरीन.

क्लोरीनचा हिशेब एन्व्हायर्नमेंटलच्या तासाला आपण पाठ करतो आणि व्हायवा झाली की विसरतो. जंतू मरतात ते मात्रा आणि वेळ यांच्या गुणाकाराने. ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा एक थेंब म्हणजे अडीच मिलिग्रॅम, लिटरला दोन थेंब म्हणजे पाच. औषधी थेंबांची ताकद वेगळी असते, तिथे बाटलीवरचंच प्रमाण मानायचं. टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, पहाटेचं पाणी बर्फासारखं असेल तर तास. पाणी गढूळ असेल तर माती आणि कचराच क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं, वरचं पाणी गाळायचं आणि मग थेंब. अर्ध्या तासाने नाकाला हलका वास यायला हवा. नाही आला तर पुन्हा तेवढीच मात्रा आणि पुन्हा थांबणं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जीव मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यांना उकळीच हवी.

आता आमचं काय झालं ते. माझी बाटली आदल्या वर्षीची, खोलीच्या खिडकीत उन्हात पडलेली. उन्हाने हायपोक्लोराइटची ताकद जाते. वास मी घेतलाच नाही. दुसरं, थेंब टाकून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच कुणीतरी पातेल्यात सरबताची पावडर ओतली. त्यातलं व्हिटॅमिन सी क्लोरीनला तिथल्या तिथे संपवतं. आणि तिसरं, ज्या मगाने टाक्यातून पाणी काढलं, तोच मग रात्रभर पातेल्यात बुडत होता. पाच जण नेमके कशाने पडले हे मला सांगता येणार नाही. सरबत तर चौदाही जणांनी प्यायलं होतं.

डिसेंबरात रतनगड ठरलाय. या वेळी बाटली नवी, तिच्यावर फोडल्याची तारीख. कच्च्या पाण्याला दोरी बांधलेला लाल मग, पिण्याच्या पाण्याला तोटीचा कॅन, त्यात कुणी काही बुडवायचं नाही. ज्यांनी आपल्या बाटलीतच थेंब टाकले त्यांनी झाकण जरा सैल करून बाटली उलटी करायची, म्हणजे आट्यांमधलं कच्चं पाणीही धुतलं जातं. कॅनवर खडूने वेळ लिहायची. सरबत अर्ध्या तासानंतर, आणि तेही आपापल्या ग्लासात. घड्याळ कुणाकडे द्यायचं यावर वाद झाला. शेवटी ते सलाईनवाल्याने मागून घेतलं.