चिमुकल्यांची न्याहारी आणि फजरनंतरचा तास

काही दिवसांपूर्वी फजरच्या नमाजनंतर एक तरुण गृहस्थ मशिदीत थांबून राहिले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा सकाळी काहीच खात नाही, त्याला नजर लागली असावी, तेव्हा पाण्यावर दम करून द्यावा, अशी त्यांची विनंती होती. नजर लागणे सत्य आहे, असे हदीसमध्ये आले आहे. मी दुआ पढून पाणी दिले आणि मग सहज विचारले, ‘‘सकाळी त्याला भरवते कोण?’’

‘‘त्याची आई. तिला सातची गाडी पकडायची असते. मी नमाजनंतर जरा आडवा होतो.’’

‘‘आणि उठल्यावर मुलाला प्रथम काय मिळते?’’

‘‘बाटलीभर दूध.’’

निम्मे उत्तर या संवादातच होते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. ही अल्लाहने घालून दिलेली शरीराची रीत आहे, आजार नव्हे. त्यात उठताच पोट दुधाने भरले, तर पुढ्यातल्या घासाला जागा उरत नाही. एक वर्षावरील मुलाला दिवसभरात साधारण अर्धा लिटर दूध पुरते. दुधात लोह अत्यल्प असते, म्हणून केवळ दुधावर राहिलेले मूल गुबगुबीत दिसूनही रक्ताने कमी असू शकते. चहात बुडवलेली खारी तर आपल्या घरांतून न्याहारी म्हणून सर्रास चालते. चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता उरलेले निम्मे उत्तर. सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजण्याचा आणि तोडण्याचा विषय आला आहे. दूध तोडायचे तर ते आई-वडिलांनी परस्परसंमतीने आणि सल्लामसलतीने, असे तेथे सांगितले आहे. तेथील ‘तशावुर’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘शूरा’ आणि ‘मशवरा’ हे शब्द आले आहेत. मुसलमानांचे सामुदायिक व्यवहार ज्या तत्त्वावर चालावेत असे सूरह अश-शूरामध्ये सांगितले, तेच तत्त्व येथे दोन वर्षांच्या लेकराच्या आहाराला लावले गेले आहे. वाचकहो, आपल्यापैकी किती वडिलांनी या विषयावर पत्नीशी मशवरा केला आहे? ‘‘आजही खाल्ले नाही का त्याने?’’ हा मशवरा नव्हे. हे जाब विचारणे आहे. प्रेषित (स.) घरात काय करीत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मिंबरवरून ती मी अनेकदा सांगितली होती.

सांगितली होती, एवढेच. माझी पत्नी शिक्षिका आहे. फजरहून परतल्यावर मी मोबाईल घेऊन बसत असे आणि ती डबे, गणवेश व लेकीचा घास यांत गुंतलेली असे. एके दिवशी उशीर होतो आहे असे पाहून मी मुलीला मांडीत दाबून धरले आणि उकडलेले अंडे तिच्या तोंडात कोंबले. तिने ते ओकून टाकले. पुढे महिनाभर अंड्याचे टरफल दिसले तरी ती रडे. दहा वर्षे सेवा करणाऱ्या हजरत अनस (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) कधी ‘उफ्’देखील म्हटले नाही, हे मदरशात पाठ केलेले मला त्या महिन्यात फार आठवले.

लहान मुलाचा नकार म्हणजे अवज्ञा, असा आपला समज असतो. एकदा प्रेषितांसमोर (स.) भाजलेला ‘जब’ हा वाळवंटी सरड्याच्या जातीचा प्राणी वाढण्यात आला. त्यांनी हात मागे घेतला. हा हराम आहे का, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हटले. आपल्या लोकांच्या भूमीत तो आढळत नाही, म्हणून मन घेत नाही, एवढेच सांगितले. शेजारी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो आवडीने खाल्ला. अपरिचित अन्नाला मन न घेणे इतके स्वाभाविक आहे. मग जिला या जगात येऊन दोनच वर्षे झाली, तिला नाचणीची आंबील परकी वाटली तर नवल काय? नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा, चमचाभरच, न रागावता समोर यावा लागतो.

आमच्या घरी आता ठरले आहे ते असे. खजूर रात्रीच बिया काढून भिजत घालायचे. सकाळी दोनच पर्याय: अंडे की घावन, केळे की खजूर. दूध शेवटी, पेल्यातून. वीस मिनिटांनी ताट उचलायचे; वाटी घेऊन मागे धावायचे नाही. काय आणि केव्हा द्यायचे हे आम्ही ठरवतो, किती खायचे ते ती. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे या वयात देऊ नयेत, घशात अडकतात.

आमिषाबाबतही सावध असावे. एका मातेने ‘ये, तुला देते’ म्हणून मुलाला बोलावले, तेव्हा काय देणार होतीस, असे प्रेषितांनी (स.) तिला विचारले. खजूर, असे तिने सांगितले. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असा त्यांच्या उत्तराचा आशय अबू दाऊदमध्ये आहे. ‘खा, मग बागेत नेते’ आणि ‘खा, नाहीतर पोलीस येईल’ ही वाक्ये या कसोटीवर तपासून पाहावीत.

मुलाचे वजन घटत असेल, ते फिकट दिसत असेल, गिळताना ठसकत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. उपचार करा, असे प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे, दुआ त्यासोबत चालते, त्याऐवजी नव्हे.

एक विचारणा रमजानबाबत नेहमी होते: घरात सगळे रोजेदार, मग मूल एकटे कसे खाणार? हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांबरोबर (स.) एकाच ताटात जेवत. त्यांचा हात ताटभर फिरू लागला, तेव्हा बिस्मिल्लाह म्हणणे, उजव्या हाताने आणि आपल्या पुढचे खाणे ही शिकवण त्यांना तेथेच मिळाली आणि आयुष्यभर टिकली. सोबतीचे मोल एवढे आहे. तेव्हा वयामुळे वा आजारामुळे रोजा ठेवू न शकणाऱ्या आजी-आजोबांचे ताट त्या महिन्यात नातवंडाच्या शेजारीच मांडावे. आमची आई मधुमेहामुळे रोजे ठेवू शकत नाही आणि त्याची तिला खंत वाटे. गेल्या रमजानपासून सकाळी साडेसहाला दस्तरखानवर लेकीसमोर तीच बसते.