जॉक युईंगचे मृत्युपत्र



आईवडील आपल्यामागे मुलांसाठी काय ठेवून जातात, याचा विचार करण्यासाठी आज आपण एका काल्पनिक कुटुंबाकडे पाहू या.

'डॅलस' ही अमेरिकन मालिका सीबीएस वाहिनीवर २ एप्रिल १९७८ रोजी सुरू झाली आणि ३ मे १९९१ रोजी संपली. टेक्सासमधील युईंग या श्रीमंत तेलघराण्याची ही कथा. साउथफोर्क नावाच्या विस्तीर्ण रँचवर आईवडील, मुलगे, सुना आणि नात एकाच छपराखाली राहतात. थोरला जे.आर. कपटी, धाकटा बॉबी सरळ. जे.आर.वर गोळी कोणी झाडली, याचे उत्तर २१ नोव्हेंबर १९८० रोजी मिळाले. त्या रात्री एकट्या अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसले होते.

ती गोळी लोकांच्या लक्षात राहिली. आपल्या अभ्यासासाठी मात्र दुसरा प्रसंग अधिक मोलाचा आहे.

काय घडले?
वडील जॉक यांची भूमिका करणारे जिम डेव्हिस १९८१ साली वारले. पुढे कथेतही जॉकचा मृत्यू दाखवण्यात आला व १९८२ साली त्याचे मृत्युपत्र वाचले गेले. त्यात अट अशी : कंपनी जे.आर. आणि बॉबी यांच्यात वाटावी. एका वर्षात जो अधिक नफा मिळवील, त्याच्या हाती कंपनीचा ताबा जाईल. आई मिस एली हिला पुढचे संकट दिसले. मृत्युपत्र रद्द व्हावे म्हणून ती न्यायालयात गेली, पण हरली.

जे.आर.ने एका सरकारी अधिकाऱ्याला कोंडीत पकडून जादा तेल उपसण्याची परवानगी मिळवली. सरळमार्गी बॉबीही हळूहळू भावाचेच डावपेच शिकू लागला. पुढे जे.आर.मुळे बुडालेल्या त्याच अधिकाऱ्याने सूडापोटी जे.आर.च्या गाडीला धडक दिली. आत जे.आर. नव्हता, त्याची पत्नी सू एलन आणि मिकी नावाचा तरुण होता. मिकी पंगू झाला. त्यातून पेटलेल्या मारामारीत १९८३ साली साउथफोर्कच्या घरालाच आग लागली.

असे का झाले?
ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने धन मिळवण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. घर चालवण्यासाठी जे धन लागते, त्याला मर्यादा असते. कारण घराच्या गरजांना मर्यादा असते. पण पैशासाठी पैसा मिळवू लागलो, की 'पुरे' म्हणण्याची जागाच उरत नाही. धन हे साधन आहे, साध्य नव्हे. जॉकने नेमकी येथे गल्लत केली. कंपनी कुटुंबासाठी होती. मृत्युपत्राने कुटुंब कंपनीसाठी केले.

कोणी म्हणेल, कर्तबगार वारस निवडण्यात वाईट ते काय? काहीच नाही. धंदा लायक माणसाच्या हाती जावा, ही इच्छा रास्त आहे. परंतु जॉकने लायकीचे माप एकच ठेवले : नफा. सचोटी, आईची काळजी, भावाचा मान यांना त्या मापात शून्य गुण होते. जे मोजले जाते, तेच मुले कमावतात. म्हणून दोष एकट्या जे.आर.चा नाही, शर्यत बापाने लावली होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिस एलीला हे सारे कळत होते, पण तिचे मत विचारले गेले ते वाटणी ठरून गेल्यावर, तेही न्यायालयात. जॉक जिवंत असताना चौघे एकत्र बसून बोलले असते, तर कदाचित आगीपर्यंत गोष्ट गेली नसती.

घरी चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या घरात मुलांचे कौतुक कोणत्या मापाने होते?
२. जमीन, घर, धंदा यांविषयी आपण मुलांशी एकत्र बसून बोललो आहोत का?
३. वाटणी ठरवताना घरातील स्त्रियांचे मत आधी विचारले जाते की नंतर?

या आठवड्यात यांपैकी एका प्रश्नावर तरी जेवणानंतर सर्वांनी मिळून बोलावे, ही विनंती.