उघाडीतून गेलेल्या खताचे खाडीत काय होते?



खारेपाटात शेती करणाऱ्यास भरती-ओहोटीच्या वेळा कोणी शिकवाव्या लागत नाहीत. ओहोटी लागली की उघाडीची झडप उघडते व खारीतील पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप मिटते. खार जमिनीतील मीठ बाहेर घालवण्याचा हाच मार्ग आहे. परंतु विकत आणलेले खतही याच मार्गाने जाते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

माझेही गेले नव्हते. काही वर्षांपूर्वी धरमतर खाडीकाठच्या एका गावात भाताच्या प्रात्यक्षिकावर मी युरियाचा दुसरा हप्ता देण्याचा दिवस ठरवून दिला. पिकाचे वय पाहिले, शिफारस पाहिली, तिथी मात्र पाहिली नाही. अमावास्येचे उधाण होते. रात्री जोराचा पाऊस झाला व पहाटेच्या मोठ्या ओहोटीला खारीतील पाणी झपाट्याने उतरले. बांधावर उभे असलेले एक वयस्क शेतकरी एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा युरिया म्हावऱ्याला गेला." त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे समजण्यासाठी खाडीच्या चिखलात थोडे शिरावे लागेल.

खाडीत गाळ का साचतो?

अंबा नदीसारख्या नद्या पावसाळ्यात डोंगरावरून बारीक चिकणमाती आणतात. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाणी गढूळ राहते. खारे पाणी मिसळताच कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होते तसाच हा प्रकार आहे. या कणांना चिकटलेले स्फुरद व सेंद्रिय पदार्थही त्यांच्याबरोबर खाली बसतात. नत्राचे तसे नाही. युरियापासून तयार होणाऱ्या अमोनियमला चिकणमाती धरून ठेवते खरी, परंतु खाऱ्या पाण्यातील सोडियम त्याची जागा घेतो व अमोनियम सुटून पाण्यात येते. खार जमिनीतही हेच घडते. त्यामुळे गोड्या जमिनीइतका नत्राचा साठा आपली खाचरे धरून ठेवतील, अशी अपेक्षा करू नये.

चिखलाचे दोन थर

ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल हाताने उकरून पाहावा. वरचा पातळ थर तपकिरी दिसतो. तो बहुधा काही मिलिमीटरच जाड असतो. त्याखाली करडा व पुढे काळा चिखल लागतो. वरच्या थरात प्राणवायू असतो, खालच्या थरात नसतो. खेकड्यांच्या बिळांतून थोडी हवा खोलवर जाते, तेवढाच अपवाद.

वरच्या थरातील जिवाणू अमोनियमचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. हे नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या थरात झिरपते. तेथील जिवाणूंना प्राणवायू मिळत नसल्याने ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात, व उरलेला नत्र वायुरूपाने हवेत निघून जातो. म्हणजे खाडीत गेलेल्या नत्रापैकी काही भाग माशांनाही मिळत नाही आणि भातालाही मिळत नाही. जो भाग अमोनियम किंवा नायट्रेट म्हणून पाण्यात राहतो त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढते. त्या शेवाळावर व कुजणाऱ्या पाचोळ्यावर कोळंबी, बोय जगतात आणि त्यांच्यावर जिताडा. आमच्या त्या शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरते ते येथे.

आता लक्षात घ्या, पाणी साचलेल्या भाताच्या खाचरातही असेच दोन थर असतात. वर फेकलेला युरिया आधी वरच्या थरात नायट्रेट होतो व खाली जाऊन हवेत उडतो. पाण्यातील शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू वाढतो, तेव्हा काही अमोनिया सरळ पाण्यातूनच उडून जातो. पाणथळ भातात दिलेल्या नत्रापैकी साधारणपणे ३० ते ४० टक्केच पिकाला मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील ६ ते ८ किलो पिकाने घेतले, बाकीचे कोठे गेले याचा हिशेब वर दिलाच आहे.

काळ्या चिखलाचा वास

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नायट्रेट संपले की खोलवरचे जिवाणू सल्फेट वापरू लागतात व सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. तो लोहाशी संयोग पावला की चिखल काळा पडतो. लोहाने धरून ठेवलेले स्फुरद अशा वेळी मोकळे होते व पाण्यात येते. म्हणूनच समुद्राच्या पाण्यात शेवाळाला स्फुरदापेक्षा नत्राची चणचण जास्त भासते, व नत्र वाढला की शेवाळ माजते. अडलेल्या, पाणी न खेळणाऱ्या खाडीच्या फाट्यात हे शेवाळ मेल्यावर कुजते, प्राणवायू संपतो व पहाटे मासे पाण्यावर तोंड काढू लागतात. शहरालगतच्या खाड्यांत सांडपाणी हे याचे मोठे कारण असते. सर्व दोष शेतीवर टाकणे योग्य नाही, पण आपला वाटा आपण कमी करू शकतो.

तिवरांची झाडे या कामी फार उपयोगी आहेत. त्यांची वर आलेली श्वसनमुळे चिखलात हवा नेतात, गाळ अडवतात व बाहेरच्या बांधावर येणाऱ्या लाटांचा जोर कमी करतात. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली व २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बांधासमोरील तिवरे गेली तो बांध उधाणात किती टिकतो हे खारेपाटात सांगण्याची गरज नाही.

मीठ जाऊ द्यावे, खत राहू द्यावे

अडचण अशी की दोन्ही एकाच उघाडीतून जातात. तेव्हा वेळ वेगळी ठेवणे हाच उपाय. जूनमधील पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून, ढवळून, ओहोटीला सोडून द्यावे व असे शक्य तितक्या वेळा करावे. या काळात रासायनिक खत मुळीच घालू नये. क्षार धुऊन गेल्यावर पनवेल-३ सारख्या क्षार सहन करणाऱ्या जातीचे रोप लावावे किंवा मोड आलेले बियाणे फोकावे.

युरिया देताना खाचरातील पाणी आधी कमी करावे, युरिया चिखलात मिसळावा, व त्यानंतर तीन-चार दिवस पाणी बाहेर जाऊ देऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत व मुसळधार पावसाचा अंदाज असताना खत टाकू नये. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस त्यातल्या त्यात बरे. मात्र उघाडी सबंध खारीची असते. एकाने खत दिले व दुसऱ्याने पाणी सोडले तर उपयोग नाही, म्हणून खारीतील सर्वांनी मिळून दिवस ठरवावा. ते जमत नसेल तर निदान आपल्या खाचराचे बांध धरून ठेवावेत.

लावणी केलेल्या भातात युरिया-डीएपी ब्रिकेट हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. १५-२५ सेंमी अशा आलटूनपालटून अंतरावर लावणी करून चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचावी. हेक्टरी सुमारे १७० किलो लागतात. ब्रिकेट हवाबंद थरातच राहत असल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही व वरचे पाणी गेले तरी खत जागेवर राहते. मजुरी जास्त पडते, हे मान्य. फोकलेल्या भातात ओळी नसल्याने ही पद्धत जमत नाही. तेथे निंबोळीयुक्त युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा.

केरळातील पोक्कळी शेतीत पावसाळ्यात भात व त्यानंतर एप्रिलपर्यंत त्याच शेतात कोळंबी घेतात. भाताचा खुंट कुजून कोळंबीचे खाद्य होते व कोळंबीची विष्ठा भाताला मिळते. पारंपरिक पोक्कळी भाताला रासायनिक खत देत नाहीत. पुढच्या पावसात मीठ धुण्याची खात्री असेल तेथेच असा विचार करावा.

एक सावधगिरी. बांध दुरुस्तीसाठी खाडीतून काढलेला काळा चिखल सुपीक दिसतो म्हणून शेतात पसरू नये. त्यात गंधक व लोहाचे संयुग असल्यास हवा लागताच गंधकाम्ल तयार होते. कुट्टनाडातील करी जमिनींचा आम्लपणा याच कारणाने आहे. चिखलाचा नमुना ताजा असताना सामू तपासावा, मग तोच नमुना ओलसर ठेवून काही आठवडे उघड्यावर हवा लागू द्यावी व पुन्हा तपासावा. सामू ४ च्या खाली उतरला तर तो चिखल बांधावरच राहू द्यावा, व बांधावरून झिरपणारे पाणी रोपवाटिकेकडे वळणार नाही हे पाहावे.