पिकल्या केळ्याला पाणी कशाला?

घरात बाळाला सहा महिने पूर्ण होत आले की उष्टावणाची गडबड सुरू होते. मामा भाच्याला मांडीवर घेतो, वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावतो, बाळ तोंड वेडेवाकडे करते आणि सगळे हसतात. समारंभ एका दिवसात आटोपतो. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो : आता याला रोज वरचे काय द्यायचे? तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे किंवा भाचरे असतील. आई शेतावर गेली की बाळाला भरवण्याचे काम बहुधा शाळेतून आलेल्या ताईकडे किंवा दादाकडे येते. म्हणून या वेळचा विषय मुद्दाम स्वयंपाकघरातला घेतला आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागणार नाही. तीन केळी आणि औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडिन एवढे पुरे.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेत पावसाळा सरता सरता सीताफळे तयार होतात. घाटाखाली पूर्णेचे खोरे आणि पलीकडे सातपुड्याचा पायथा. तिकडे संत्री होतात. मलकापूर ओलांडले की केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेला जळगाव जिल्हा लागतो, त्यामुळे बाजारात केळ्याला तोटा नसतो. (आपल्याच जिल्ह्यातले जळगाव जामोद वेगळे, हे परगावच्या वाचकांना सांगितलेले बरे.) पेरू, पपई आणि उन्हाळ्यात आंबा आहेच. यातले कोणतेही फळ चांगले पिकलेले असेल तर ते चमच्याच्या पाठीने कुस्करून बाळाला भरवता येते. हे फळ एवढे मऊ होते कसे?

तीन केळी घ्या : एक हिरवे कच्चे, एक अर्धवट पिकलेले आणि एक सालीवर तपकिरी ठिपके पडलेले. प्रत्येकाची आडवी चकती कापून बशीत ठेवा. टिंक्चर आयोडिनच्या एका थेंबात दहा थेंब पाणी मिसळा आणि या पातळ द्रावणाचे दोन-दोन थेंब प्रत्येक चकतीवर सोडा. कच्च्या केळ्याची चकती पाहता पाहता निळी-काळी होईल. ठिपकेवाल्या केळ्यावर आयोडिनचा मूळचा तांबूस रंग जवळजवळ तसाच राहील. मधल्या चकतीचे चित्र आम्ही सांगत नाही. निळा रंग मध्यभागी दिसतो की कडेला, की ठिकठिकाणी, ते तुम्हीच पाहा आणि वहीत चकतीची आकृती काढून ठेवा. प्रयोगाच्या चकत्या मात्र कोणी खायच्या नाहीत, त्या टाकून द्यायच्या.

आयोडिनने निळे होते ते पिष्ट, म्हणजे स्टार्च, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. कच्च्या केळ्याच्या १०० ग्रॅम गरात पिष्ट २० ग्रॅमच्या आसपास असते आणि साखर जेमतेम एक-दोन ग्रॅम. पूर्ण पिकलेल्या केळ्यात हे आकडे जवळजवळ उलटे होतात. बाहेरून कोणी साखर घातलेली नसते. पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. केळे पिकू लागले की त्यातली विकरे, म्हणजेच एन्झाइमे, ही माळ तोडू लागतात आणि सुट्या मण्यांपासून गोड शर्करा तयार होतात. त्याच वेळी पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिनही विरघळू लागते आणि फळाचा ताठपणा जातो. या सगळ्याची सुरुवात इथिलीन नावाच्या वायूने होते, आणि तो फळ स्वतःच तयार करते. आजी आंब्याची अढी घालते तेव्हा गवतात अडवून ठेवते तो हाच वायू.

आता बाळाकडे वळू. पिष्ट पचवणारे अमायलेझ हे विकर आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असते. जन्मलेल्या बाळाच्या स्वादुपिंडात ते फारच थोडे तयार होते आणि पुढचे काही महिने त्याचे प्रमाण कमीच राहते. आईच्या दुधात थोडे अमायलेझ असते, ते या काळात कामी येते. म्हणजे जे काम बाळाच्या पोटाला अजून पुरते साधत नाही, ते पिकलेल्या केळ्याने आधीच उरकलेले असते. कच्चे फळ उकडून भरवण्यापेक्षा पूर्ण पिकलेले निवडणे शहाणपणाचे ठरते ते यामुळे. मात्र सालीचा पिवळा रंग पाहून फसू नका. साल आणि गर नेहमी एकाच वेगाने बदलत नाहीत. घाईने पिवळ्या केलेल्या केळ्याचा गर आतून ताठ आणि तुरट असू शकतो, आणि तो ओळखायला तुमच्याजवळ आता आयोडिन आहे. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची विषारी संयुगे मिसळलेली असू शकतात.

इथपर्यंत सगळे ठीक. पण पुष्कळ घरी यापुढे एक गोष्ट होते. केळे कुस्करले की कोणीतरी म्हणते, “अगं, घशात अडकेल, थोडं पाणी घाल.” मग त्याचे सरबत होते आणि बाळ ते घटाघटा पिते. पोट भरल्यासारखे दिसते, सगळे निर्धास्त होतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू.

बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते. सात किलोचे बाळ असेल तर २१० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी. आईच्या १०० मिलिलिटर दुधातून सुमारे ६५ उष्मांक मिळतात. पिकलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅम गरातून सुमारे १०० मिळतात आणि सीताफळाच्या गरातूनही जवळपास तेवढेच. आता १०० ग्रॅम केळ्यात १०० मिलिलिटर पाणी घाला. २०० ग्रॅमचे हे मिश्रण पोट तर भरून टाकते, पण १०० ग्रॅममागे त्यात उरतात ५० उष्मांक. म्हणजे आईच्या दुधाहूनही कमी! पोट भरले म्हणून बाळ दूध कमी पिते आणि चांगले अन्न मागे सरून हलके अन्न त्याची जागा घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३००. पपईच्या गरातून १०० ग्रॅममागे जेमतेम ४० मिळतात. नुसत्या पपईवर २०० गाठायचे तर किती पपई लागेल, ते तुम्हीच काढा. आणि तेवढी पपई सात किलोचे बाळ खाईल का, तेही सांगा. पपई वाईट मुळीच नाही, ‘अ’ जीवनसत्त्वासाठी ती उत्तमच. पण ती जेवणाबरोबर द्यायची, जेवण म्हणून नव्हे.

मग घशात अडकण्याचे काय? पिकलेला गर गुठळ्या मोडून नीट कुस्करला की तो पाण्यावाचूनच सरसरीत होतो. फार घट्ट वाटला तर आईच्याच दुधाचे चार थेंब घालावेत. चमचा थोडा तिरका केला तरी गर ओघळून जाऊ नये, इतका दाटपणा योग्य. सुरुवातीला दोन-तीन चमचेच द्यावेत. आठव्या-नवव्या महिन्यात बारीक गुठळ्या ठेवायला हरकत नाही, कारण बाळाला चघळण्याचा सराव व्हायला हवा. सगळे सरसकट मिक्सरमधून काढून देणे सोयीचे खरे, पण दीड वर्षाचे मूल गुठळी दिसताच तोंड फिरवू लागले तर दोष मुलाचा नाही.

पाणी टाळण्याचे दुसरे कारण पाण्यातच आहे. अशुद्ध पाण्यातून जुलाबाचे जंतू येतात आणि ते उकळल्याने मरतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी खारट लागते. असे पाणी उकळले तर जंतू मरतील, पण क्षार जागचे हलणार नाहीत. उलट वाफ उडून गेल्यामुळे मागे राहिलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढेलच. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे पूर्ण वाढलेली नसतात आणि जास्तीचे मीठ बाहेर टाकणे त्यांना जड जाते. बाळाच्या फळात वरून मीठ घालू नये ते याच कारणाने, आणि साखरही नको. पिष्टाची साखर तर केळ्याने केलेलीच आहे.

कुस्करलेला गर सकाळी करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवण्याची पद्धतही सोडावी. सालीच्या आत फळ सुरक्षित असते. कुस्करले की पेशी फुटतात, गोड रस बाहेर येतो आणि जंतूंना ती मेजवानीच असते. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एक जिवाणू सकाळी नऊला वाटीत पडला तर दुपारी तीनला किती होतील? अठरा वेळा दुप्पट करा : २,६२,१४४. आपल्याकडचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ‘अनुकूल उष्णता’ कशाला म्हणतात ते वेगळे सांगायला नको. म्हणून साबणाने हात धुवावेत, साल काढण्याआधी फळ धुवावे, वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढावा आणि बाळ खाईल तेवढाच गर करावा. बाटली तर नकोच. तिच्या बुचाच्या खाचा नीट धुतल्या जात नाहीत. केळ्याचा गर उघडा राहिला की काळपट पडतो ते मात्र जंतूंमुळे नव्हे. फुटलेल्या पेशींतली द्रव्ये विकराच्या मदतीने हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात म्हणून.

फळाने स्वतः साधलेली ही युक्ती धान्यालाही शिकवता येते. गहू मोड आणून वाळवला की त्यात अमायलेझ भरपूर तयार झालेले असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात अशा पिठाचा अभ्यास केला. तुम्हीही करून पाहा. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दोन दिवस मोड येऊ द्या, उन्हात खडखडीत वाळवा, मोड चोळून काढा, अगदी हलके भाजा आणि दळा. मग कणकेची दाट लापशी शिजवून खाली उतरवा. हाताला सोसेल इतकी कोमट झाली की त्यात या पिठाचा एक चमचा ढवळा. थोड्याच वेळात चमचा उभा राहील अशी लापशी पाण्याचा थेंब न घालता पातळ होईल. उकळत असताना पीठ टाकले तर विकर नष्ट होते आणि काहीच घडत नाही. बाळाला द्यायची झाली तर पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणावी, म्हणजे पिठातून आलेले जंतू मरतील. ज्वारी आपल्या रोजच्या जेवणातली असली तरी या कामाला घेऊ नका. तिच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते.

फळांना एक काम मात्र साधत नाही. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि दुधात लोह फार थोडे. फळांतही थोडेच. त्यासाठी डाळ, हिरव्या पालेभाज्या, घरात चालत असेल तर अंडे, हे लागतेच. पण फळ इथे मागच्या दाराने मदत करते. डाळ-भाजीतले लोह बहुतेक फेरिक रूपात असते आणि ते आतड्यात नीट शोषले जात नाही. पेरूतले किंवा संत्र्यातले ‘क’ जीवनसत्त्व त्याचे फेरसमध्ये रूपांतर करते. तेव्हा वरण-भाताच्या घासांबरोबरच पेरूचा गर द्यावा. पेरूच्या बिया गाळणीतून काढाव्यात. सीताफळाच्या बिया तर एकूण एक मोजून काढाव्यात. त्या घशात अडकतात आणि फुटल्या तर विषारी असतात. बोरे, द्राक्षे, शेंगदाणे लहान मुलाच्या हाती अख्खे देऊ नयेत. आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत मध चाटवू नये, मग आजीने कितीही आग्रह केला तरी. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजू शकतात.

उरलेल्या आयोडिनचा एक थेंब कच्च्या पपईच्या फोडीवरही टाकून पाहा. केळ्यासारखी ती निळी-काळी होणार नाही, कारण पपई पिष्टाचा साठा करीत नाही. तिची साखर पानांकडून येते, आणि फळ तोडले की तो पुरवठा बंद होतो. हिरवीगार तोडलेली पपई घरी ठेवून मऊ होईल, गोड होणार नाही. म्हणून बाळासाठी पपई घ्यायची तर झाडावरच पिवळी झाक आलेली घ्यावी.