विजेचे कुंपण बाजारात कसे आले?

रखवालदारच चोर निघाला म्हणजे आपण 'कुंपणच शेत खाते' असे म्हणतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ही म्हण शब्दशः घ्यावीशी वाटते. मोठाल्या कुरणांवर गुरे पाळायची म्हणजे मैलोगणती खांब आणि तारा आल्या, वर मजुरी आली. ज्या देशांत पशुपालन हाच मुख्य धंदा, तेथे कुंपण खरोखरच शेत खात असे. म्हणून एकाच तारेत वीज सोडून गुरे आवरण्याची कल्पना निघाली. कल्पना निघणे आणि वस्तू खपणे यांत जवळजवळ अर्धशतक गेले. ते का, याचा विचार मला येथे करायचा आहे.

डेव्हिड विल्सन नावाच्या अमेरिकनाने १८८६ मध्ये विजेच्या कुंपणाचे पेटंट घेतले आणि १८८८ मध्ये टेक्सासात पाणचक्कीच्या विजेवर सुमारे ५० किलोमीटरचे कुंपण उभारून पाहिले. ते यशस्वी झाले नाही. पुढे ही युक्ती शेतीऐवजी युद्धानेच उचलली. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व हॉलंड यांच्या सीमेवर जीवघेण्या दाबाच्या तारा ताणल्या. त्यांना चिकटून अनेक माणसे मेली. विजेच्या तारेचे नाव असे आधीच बदनाम झाले होते, ही गोष्ट विक्रीच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मंदी होती. शेतकऱ्याला खर्च कमी हवा होता, परंतु बहुतेक शेतांवर वीज पोचलेली नव्हती. तेव्हा बॅटरीवर चालणारी झटका-यंत्रे विक्रीस आली. कॅन्सस सिटीची पार्कर-मॅक्रोरी ही कंपनी तर मुळात रेडिओ बनवणारी. बॅटरी आणि तारेची वेटोळी हाताळणाऱ्या कारागिरांना हा नवा माल परका वाटला नसावा, असा माझा तर्क आहे. एक तार आणि थोडे हलके खांब एवढ्यात काम भागते, आणि कुंपण आज येथे तर उद्या तेथे हलवता येते, हे या मालाचे खरे आकर्षण होते.

अडचण होती ती घरगुती जुगाडांची. काही शेतकरी दिव्याच्या वायरीतून थेट वीज तारेत सोडत आणि त्यात माणसे दगावत. वास्तविक दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या यंत्रातून सुटणारा प्रवाह अखंड नसतो. सुमारे सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका येतो आणि मधल्या वेळात अंग तारेपासून सोडवून घेता येते. दाब हजारो व्होल्टचा असला तरी झटक्यातली शक्ती बेताची. गाय एकदा नाक लावते, हिसका बसतो, आणि पुढे ती तारेपासून लांब राहते. हे कुंपण गुरांना अडवत नाही, शिकवते म्हणा ना! गाय एका हिसक्यात शिकत असे. मालकाची खात्री पटवायला मात्र वेळ लागला. १९३९ मध्ये अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी-संस्थेने विजेच्या कुंपणाच्या संदर्भात धक्क्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, यावरून प्रश्न किती ऐरणीवर आला होता हे दिसते.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये, वायकाटो या दुधाळ प्रदेशात, बिल गॅलाघर यांचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासत असे. गॅलाघर यांनी मोटारीच्या इग्निशन कॉइलचा उपयोग करून अशी जोडणी केली की घोड्याने अंग घासताच त्याला झटका बसावा. १९३६-३७ ची ही गोष्ट. त्यातूनच कुंपणाचे यंत्र झाले आणि १९३८ मध्ये हॅमिल्टन येथे धंदा उभा राहिला. घोड्याची गोष्ट जाहिरातीला फार सोयीची आहे, हेही खरे! परंतु त्या देशात १९६१ पर्यंत असे कुंपण घरच्या विजेला जोडण्यास कायद्याने मनाई होती, त्यामुळे यंत्रे बॅटरीवरच चालवावी लागत. शिवाय ओले गवत तारेला टेकले की वीज जमिनीत झिरपे आणि काही शे मीटरपलीकडे झटका उरत नसे.

हा अडसर १९६२ मध्ये डग फिलिप्स यांनी दूर केला. त्यांनी धारित्र, म्हणजे आपण पंख्याला बसवतो तसला कंडेन्सर, वापरला. त्यात साठलेली वीज इतक्या अल्पकाळात बाहेर पडते की गवतातून झिरपायला तिला फारसा अवसरच मिळत नाही. झटक्याचा पल्ला एकदम ३५ किलोमीटरपर्यंत गेला. १९६४ च्या सुमारास 'वायकाटो' या नावाने हे यंत्र कारखान्यातून बाहेर पडू लागले. पुढे चिनी मातीच्या इन्सुलेटरांची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि मालाचा खर्च आणखी उतरला.

विदर्भात आज रानडुकरांसाठी जी सौरऊर्जेवरची 'झटका मशीन' लावतात, तिच्यातही धारित्राचेच तत्त्व आहे. आणि तेथेच रात्री विजेच्या खांबावर आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडण्याचे प्रकारही घडतात. त्यात वाघ मरतात, शेजारचा शेतकरी मरतो, कधी स्वतः मालकही मरतो. गावात मात्र या दोन्ही तारांना एकाच शब्दात 'करंट' म्हणतात.