पोर्टिंगचं बिल कसं पाडायचं

‘पोर्टिंग-पॉलिशिंगला किती?’ असं फोनवर विचारलं की समोरून एक गोल आकडा येतो. त्या आकड्यावर होकार देऊ नका. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा मागा. उदाहरणाला जिप्सीचं 1298 सीसीचं, चार सिलिंडर आणि 16 व्हॉल्व्हचं इंजिन घेऊ. रॅलीवाल्यांनी ते भरपूर राबवलंय आणि त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड हाताने घासता येतं.

हेड खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम हवं, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत, आणि मग पोर्टिंगचा विषय तिथेच मिटवा. आधी बोरिंगवाल्याकडे जा.

हेड उतरवताना बोल्ट बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे सैल करा. एकदम सोडले तर हेड वाकू शकतं. व्हॉल्व्ह काढले की पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर टाकून खोचून ठेवा. हेड धुऊन झालं की प्रेशर टेस्ट करून घ्या. हा खर्च कोणीही टाळू नये, कारण तडा गेलेल्या हेडवर केलेली सगळी मजुरी पाण्यात जाते.

आता खुद्द पोर्ट. बहुतेक फायदा सीटच्या लगेच खाली, अर्ध्या-पाऊण इंचात असतो. तिथे ओतकामाची कड आणि सीटच्या रिंगची पायरी राहिलेली असते, ती काढायची. गाइडभोवतीचा उंचवटा थोडा निमुळता करायचा. पोर्ट जिथे खाली वळतो, त्या वळणाच्या आतल्या बाजूला मात्र हात आवरा. तिथे जास्त धातू गेला की हवा भिंत सोडते आणि पोर्ट आधीपेक्षा वाईट चालतो. भिंतीपलीकडे पाण्याची वाट आहे हेही लक्षात असू द्या. बर अ‍ॅल्युमिनियमसाठीचा, मोठ्या दातांचा घ्या. लोखंडाचा बर लावलात तर मिनिटभरात दातांत चांदीसारखा गाळ बसतो आणि बर कापायचं सोडून नाचायला लागतो. मधूनमधून रॉकेलचा हात दिला की दात मोकळे राहतात. सीटवर जुना व्हॉल्व्ह बसवून काम करता येईल तिथे तसंच करा. मॅनिफोल्डच्या तोंडाशी मार्किंग ब्लू लावून गास्केटची रेघ मारा आणि तेवढंच जुळवा.

पॉलिशिंगच्या नावाखाली सर्वात जास्त फसवणूक होते. इनटेकला आरशासारखी चकाकी नको. 80 नंबरच्या पॉलिश पेपरचा खरखरीतपणा पुरे, कारण गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटून ओघळतात. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर काजळी कमी धरते, इतकाच फायदा. चकाकीचे तास बिलातून काढून टाकायला सांगा.

मजुरीचा हिशेब असा: एका सिलिंडरला अडीच तास धरले तर चारांचे 10 तास. तासाला समजा 600 रुपये, तर 6,000. कोणी याच्या चौपट सांगितलं तर उरलेले पैसे कशाचे, ते विचारा. उत्तर सीट कटिंग, नवी गाइड, फेसिंग असं आलं तर ठीक. नुसतं ‘रेसिंगचं काम आहे’ असं आलं तर हेड उचला आणि घरी या.

सीट कटिंग पोर्टिंगनंतरच करा, म्हणजे बर घसरून पडलेला चरा त्यात निघून जातो. 30, 45, 60 अंशांचे तीन कट मागा. व्हॉल्व्ह बसतो तो मधल्या 45 वर. माझ्या मते या कामाला पोर्टिंगइतकेच पैसे द्यायला हरकत नाही. मग फेसिंग. ते झाल्यावर ग्रीस लावलेली अ‍ॅक्रिलिकची काच प्रत्येक चेंबरवर दाबून, ब्युरेटने पाणी सोडून चारही चेंबर मोजायचे. फरक अर्धा सीसीच्या आत आणा.

शेवटी हेड साबणाच्या गरम पाण्याने धुवा, हवेने फुंका. घासकामाचा एक कण बेअरिंगपर्यंत गेला तरी इंजिनाची वाट लागते. व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि चेंबरच्या बाजूने बघत बसा. सीटभोवती ओल उमटली तर ते हेड तसंच परत द्या. जोडणीसाठी गास्केट सेट, टायमिंग बेल्ट, कूलंट आणि ऑइल यांचे पैसे वेगळे लागतात. बोल्ट आतून बाहेर, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नंतर ट्यूनिंग आणि पीयूसी.

या सगळ्याचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो. पोर्ट फार मोठे केले तर खाली, गर्दीत, गाडी उलट मरगळते. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला सीट कटिंग, फेसिंग आणि सीटखालची पायरी साफ करणं एवढंच करा. उरलेले पैसे चांगल्या टायरला आणि ब्रेकला घाला.