उन्हाळ्याची सुट्टी आणि मुलांचा मधल्या वेळचा खाऊ

वार्षिक परीक्षा आटोपल्या की वसतिगृहातील मुले गावोगाव पांगतात आणि जेवणाची घंटा थांबते. पुढील काही आठवडे त्यांच्या खाण्याचे वेळापत्रक कोणाच्याच हाती नसते. आई वीटभट्टीवर, वडील गवंड्याच्या हाताखाली आणि लहानग्याच्या मुठीत दहाची नोट. तिचा कुरकुरीत पुडा होतो. जूनमध्ये परतल्यावर दोन घास खाऊन ताट दूर सारणारी मुले दरवर्षी आढळतात, म्हणून हा विषय स्मरणिकेत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. या पुड्यामागेही इतिहास आहे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी, शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. ज्यांच्या पणज्यांच्या वाट्याला ते तुकडे आले, त्यांच्या नातवंडाने स्वकष्टाच्या पैशातून सीलबंद पुडा विकत घ्यावा, यात मानाची भावना येणे स्वाभाविकच. उलट नाचणीची भाकरी म्हणजे दारिद्र्याची खूण, हा समज अजून गेलेला नाही. आमच्या मते हा समज महागात पडतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या आपल्याच तालुक्यांत पिकणाऱ्या १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. वाढत्या हाडांसाठी याहून स्वस्त धान्य आम्हांस ठाऊक नाही. नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवावे, सकाळी पाण्यात शिजवून निवू द्यावे, वर ताक, मीठ, जिरेपूड घालावी. ही आंबील दुपारी अकराला दिली तर मूल पुड्याची आठवण काढत नाही.

पेयांच्या बाबतीत तर आपला वारसा फार जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात, दुपारनंतर भोजन न करणाऱ्या भिक्खूंना भगवान बुद्धांनी आठ पेयांची अनुमती दिल्याचे नमूद आहे : आंबा, जांभूळ, दोन जातींची केळी, मोह, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा. पालीत द्राक्षाच्या पेयाला ‘मुद्दिकपान’ म्हणतात. द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिककरांनी हा शब्द मुलांना अवश्य सांगावा. यांतील आंबा, जांभूळ, केळी आणि द्राक्षे आजही हंगामात आपल्या बाजारात मिळतात. शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत मात्र साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी असे सुचविले. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा त्यातील बहुतेक वाटा एकाच बाटलीत संपतो. कैरीचे पन्हे गुळाचे केले तरी गूळही साखरच आहे, हे विसरू नये. हात आखडताच ठेवावा.

काही गोष्टी लहान, पण जिवावर बेतणाऱ्या. पाच वर्षांखालील मुलास अख्खे द्राक्ष देऊ नये, उभे चिरून द्यावे. अख्खे शेंगदाणेही नकोत, कुटून लाडवात घालावेत. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत. बर्फाच्या गोळ्यातील पाणी कुठले, याची खात्री नसेल तर गोळा टाळावा. खाऊ आणि जेवण यांत दोन तासांचे अंतर असावे. कुरमुरे, भाजके फुटाणे, कांदा, कैरीची फोड, वर लिंबू, ही भेळ सात वर्षांचे मूल स्वतः कालवू शकते आणि स्वतः कालवलेले ते आवडीने खाते. (नाशिकचा चिवडा आम्हांलाही प्रिय आहे, तो पाहुणे आल्यावर.)

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिरिक्त साखर, मीठ व स्निग्धांश असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. घराला असे फाटक नसते. ते काम गल्लीतील आजीने, थोरल्या भावंडाने, वस्तीतल्या विहाराने करावयाचे आहे. आई कामावर जाताना हंड्याशेजारी झाकलेली आंबील आणि फुटाण्यांचा डबा ठेवून गेली, तर थोरली बहीण धाकट्याला वाढू शकते.

माजी विद्यार्थ्यांकडे आमची एक मागणी आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण ठिकठिकाणी सरबताचे टेबल मांडता. येत्या वर्षी रंगीत पाण्याऐवजी तेथे उकळून गार केलेल्या पाण्यातले पन्हे किंवा ताक ठेवावे, आणि लहान मुलांच्या हाती चिरलेल्या द्राक्षांचा द्रोण द्यावा. एप्रिलमध्ये द्राक्षे अजून बाजारात असतात.